विश्लेषण : दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात ‘देशी’ मालाची दुकाने कुणी काढली? कोण होते सार्वजनिक काका?

दसरा उलटला की मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश एकाच वेळी येऊ लागतात. एकात ऑनलाइन सेलची सवलत असते. दुसऱ्यात पणत्या, आकाशकंदील, फराळ आणि कपडे यंदा जवळच्या दुकानातूनच घ्या, असे आवाहन असते. बहुतेक जण दुसरा संदेश पुढे पाठवतात आणि पहिल्या संदेशातल्या लिंकवर क्लिक करतात. स्वस्त आणि घरपोच मिळणारी वस्तू सोडून जवळच्या माणसाची, कदाचित थोडी महाग वस्तू का घ्यायची, हा वाद अॅपच्या जमान्यातला वाटतो. प्रत्यक्षात तो महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी जोरात झाला होता. त्या वादात फक्त आवाहन करून न थांबता स्वतःच्या खिशातले पैसे घालून दुकाने उभी करणारा माणूस होता गणेश वासुदेव जोशी. पुणेकर त्यांना सार्वजनिक काका म्हणत.

शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला साधारण दोन ओळी येतात. पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि खादीचे व्रत घेणारे. दुकानांची गोष्ट त्यात बहुतेक वेळा राहून जाते.

सार्वजनिक काका कोण होते?

जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पेशवाई बुडून तेव्हा दहा वर्षे झाली होती. तरुणपणी ते पुण्यात आले. काही काळ सरकारी नोकरी केली, पुढे वकिलीची परीक्षा दिली आणि पुण्यात वकील म्हणून जम बसवला. पैसा मिळत होता, ओळखीही होत्या. पण लोकांच्या कामात पडायची सवय अशी की ‘सार्वजनिक’ हा शब्दच त्यांच्या नावाला चिकटला.

त्याची सुरुवात पर्वतीपासून झाली. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराबद्दल पुण्यात नाराजी होती. तक्रार करायची तर ती कुणाच्या वतीने, हा प्रश्न आला. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष झाले. काका सभेचे खरे चालक होते.

सभेची एक अट आजही वाचण्यासारखी आहे. ज्याला सभासद व्हायचे आहे त्याने किमान ५० लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. म्हणजे मी लोकांच्या वतीने बोलतो असे नुसते म्हणून चालणार नव्हते, त्या लोकांची सही दाखवावी लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे अशा सुमारे ६ हजार लोकांच्या सह्या होत्या. काँग्रेसची स्थापना व्हायला अजून १५ वर्षे बाकी होती.

सभेला मर्यादाही होत्या. सभासदांत सरदार, जहागीरदार, सावकार, वकील आणि शिक्षित ब्राह्मण यांचाच भरणा होता. महात्मा फुले यांनी याच मुद्द्यावर सभेवर टीका केली होती आणि ती बिनबुडाची नव्हती.

कापडाचा प्रश्न इतका मोठा का होता?

काकांची दुकाने समजून घ्यायची तर आधी १८७० च्या सुमाराचा बाजार पाहावा लागतो.

१८५८ मध्ये पुण्याला रेल्वे आली. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग रेल्वेने जोडले गेले. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि इंग्लंडहून माल येण्याचा रस्ता कितीतरी कमी झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर परदेशी मालाची ‘लॉजिस्टिक्स’ एका दशकात बदलून गेली. मँचेस्टरचे कापड बंदरात उतरून थेट घाटमाथ्यावरच्या पेठांत पोहोचू लागले.

कापूस मात्र उलट दिशेने जात होता. खानदेश-वऱ्हाडातला कापूस मुंबईला, तिथून लँकेशायरला, आणि त्याचेच विणलेले कापड परत इथे. सूतकताई, विणकाम आणि रंगाई ही तिन्ही कामे त्या फेऱ्यात इथल्या माणसाच्या हातून निसटत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले आणि भाव कोसळले. शेतकऱ्याच्या अंगावर कर्ज राहिले. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगल झाली, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

हातमागाचा कोष्टी, साळी त्या वेळी नाहीसा झाला नव्हता. जाडेभरडे कापड, लुगडी, धोतरे यांना खेड्यात गिऱ्हाईक होते. पण शहरातले गिऱ्हाईक, विशेषतः सणाला आणि लग्नसराईला चार पैसे जास्त खर्च करणारे गिऱ्हाईक, तलम आणि स्वस्त विलायती कापडाकडे वळले होते. दुकानदार जे खपते तेच ठेवत होता. त्याला दोष देण्यात फारसा अर्थ नव्हता.

हे धोके आधी कुणी दाखवले नव्हते असे नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांत विलायती मालाचा आणि बुडणाऱ्या कारागिरीचा मुद्दा मांडला होता. दादाभाई नौरोजी १८६७ पासून भारतातली संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहते याचे गणित मांडत होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात बदलून आले आणि त्यांनी पुढच्या काळात व्यापारावर जाहीर व्याख्याने दिली. ती ऐकायला जाणाऱ्यांत लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून होता, वासुदेव बळवंत फडके.

व्याख्याने होत होती, लेख छापून येत होते. पण व्याख्यान संपल्यावर श्रोत्याने देशी कापड घ्यायचे ठरवले, तर ते कुठल्या दुकानातून घ्यायचे?

खादीचे व्रत आणि दुकानांची साखळी

काकांनी सुरुवात स्वतःपासून केली. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी देशी वस्तूच वापरण्याचे व्रत घेतले. स्वतः सूत कातायचे आणि त्याचेच कापड अंगावर घालायचे. चाळिशी ओलांडलेला, चांगली वकिली चालणारा गृहस्थ रोज सूत कातत बसतो, हे त्या काळच्या पुण्यात अनेकांना विचित्र वाटले असेल. गांधीजींचा जन्म होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती.

पण एका माणसाच्या व्रताने कोष्ट्याचा माग चालत नाही. काकांच्या कामाचा खरा भाग इथून पुढे सुरू होतो. त्यांनी देशी व्यापाराला उत्तेजन देण्यासाठी मंडळ काढले. नावही तसेच, देशी व्यापारोत्तेजक मंडळ. कापडाच्या जोडीला शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वस्तू इथे तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी कारागिरांच्या मागे उभे राहायचे ठरवले. त्यासाठी वकिलीच्या कमाईतला बराच भाग खर्च केला.

या यादीकडे जरा नीट पाहिले पाहिजे. शाई, साबण, मेणबत्ती आणि छत्री या वस्तू शिकलेल्या, नोकरदार घरात लागायच्या. म्हणजे जे लोक देशी मालाबद्दल व्याख्याने ऐकत होते, त्यांच्याच घरात परदेशी माल सगळ्यात जास्त होता. काकांनी नेमके तेच घर हेरले. खेड्यातल्या शेतकऱ्याला देशी वापर असे सांगण्यात काही मतलब नव्हता. तो देशीच वापरत होता, परवडेल तितके.

दुसरी गोष्ट विक्रीची. वस्तू तयार झाली तरी ती मांडायला फळी लागते. विलायती माल खपवून नफा कमावणारा व्यापारी न खपणारा, थोडा महाग, कधी थोडा ओबडधोबड देशी माल कशाला ठेवील? म्हणून फक्त देशी माल ठेवणारी वेगळी दुकाने हवीत, असे काकांचे म्हणणे होते. पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी अशी दुकाने निघावीत म्हणून त्यांनी खटपट केली. ही दुकाने एका शेठची नव्हती. लोकांनी थोडे थोडे भांडवल एकत्र करायचे आणि सहकारी तत्त्वावर दुकान चालवायचे, अशी कल्पना होती. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ मध्ये आला. काकांचा प्रयोग त्याच्या तीस वर्षे आधीचा आहे.

यात एक साधे पण महत्त्वाचे गणित आहे. गिऱ्हाईक हाच भागीदार असेल तर त्याला दोन पैसे महाग वस्तू घेताना तितका जड हात वाटत नाही. शिवाय कारागिराला आपला माल जाईल याची थोडी खात्री मिळते. आज जी मंडळी दिवाळीआधी सोसायटीच्या आवारात बचत गटांचे स्टॉल लावतात, तीही कमी-अधिक याच गणितावर चालतात.

घरात काय चालले होते?

काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ मध्ये पुण्यात स्त्रीविचारवती सभा स्थापन केली. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने एकत्र बोलावण्याचा उपक्रम त्यांनी केला. आपापल्या जातीपुरत्याच चालणाऱ्या हळदीकुंकवाच्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. घरातल्या खरेदीत आणि सणावारात शेवटचा शब्द कुणाचा असतो, हे लक्षात घेतले तर काकांच्या देशी मालाच्या खटपटीइतकेच हे कामही महत्त्वाचे ठरते. पण सरस्वतीबाईंच्या कामाबद्दल फार कमी लिहिले गेले.

वकील असूनही लवाद कोर्ट का?

याच वर्षांत काकांनी आणखी एक उलटा उद्योग केला. लोकांनी कोर्टात जाऊन पैसा आणि वर्षे घालवू नयेत म्हणून पुण्यात लवाद कोर्ट सुरू करण्यात पुढाकार घेतला. दोन्ही बाजूंनी पंच मान्य करायचे आणि तंटा तिथेच मिटवायचा. वकिलाने असे कोर्ट काढणे म्हणजे स्वतःच्या गिऱ्हाइकाला घरी परत पाठवणे. देशी दुकानांत त्यांनी पैसा घातला, इथे त्यांनी मिळणारा पैसा सोडला.

सभेने १८७२ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. काका त्यासाठी गावोगाव फिरले. सारावाढीने शेतकरी कसा पिचला आहे याची माहिती त्यातून गोळा झाली. १८७५ मध्ये भारताला ब्रिटिश पार्लमेंटमध्ये थेट प्रतिनिधित्व द्यावे, असा अर्ज सभेने हाउस ऑफ कॉमन्सकडे पाठवला. त्याचा उपयोग झाला नाही.

१ जानेवारी १८७७ : एकाच दिवशी दोन ठिकाणी

त्या दिवशी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी मोठा दरबार भरवला. राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचे होते. राजेरजवाडे हत्ती, हिरे आणि जरीच्या पोशाखांसह आले होते. त्याच वेळी दख्खनमध्ये १८७६ चा पाऊस गेला होता आणि दुष्काळ सुरू झाला होता.

सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका दरबाराला गेले, ते हाताने कातलेल्या सुताच्या पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. सभेच्या वतीने त्यांनी मानपत्र वाचले. भाषा अतिशय नम्र होती. मागणी मात्र साधी नव्हती. ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच भारतीयांना मिळावा, असे त्यात होते.

त्याच दिवशी नागपूरला जमशेटजी टाटांची नवी कापड गिरणी सुरू झाली. सम्राज्ञीच्या सन्मानार्थ तिचे नाव ठेवले गेले एम्प्रेस मिल. देशी कापडाचे भवितव्य हातमागात आहे की गिरणीत, हा वाद पुढची सत्तर वर्षे चालणार होता. त्या एका तारखेला त्याच्या दोन्ही बाजू हजर होत्या, एक दिल्लीत आणि एक नागपुरात. विशेष म्हणजे टाटांनी १८८६ मध्ये कुर्ल्यात घेतलेल्या गिरणीचे नाव स्वदेशी मिल ठेवले.

लँकेशायरला भीती वाटायची ती या गिरण्यांची. मुंबईत पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली होती आणि १८७० च्या दशकात गिरण्यांची संख्या भराभर वाढत होती. भारतात येणाऱ्या कापडावर तेव्हा सुमारे ५ टक्के आयात कर होता. हा कर सरकारी उत्पन्नासाठी होता, पण त्यामुळे भारतीय गिरण्यांना आडून संरक्षण मिळते, अशी तक्रार मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी १८७४ मध्ये केली. १८७७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने हा कर काढून टाकावा असा ठराव केला. १८७९ मध्ये लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळातल्या बहुमताचा विरोध डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरचा कर माफ केला. दुष्काळ आणि अफगाण युद्धाने तिजोरी रिकामी असतानाचा हा निर्णय होता.

दिल्लीत ज्या व्हाइसरॉयपुढे काका खादी घालून उभे राहिले, तोच हा लिटन. जाडेभरडे कापड हाच तर देशी मालाचा शेवटचा आधार होता.

दुष्काळात दुकानांचे काय?

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात माणूस पहिल्यांदा कापड घेणे थांबवतो आणि नंतर धान्य. त्यामुळे विणकर शेतकऱ्याच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी रस्त्यावर येतो. सभेने या काळात गावोगावच्या माणसांकडून माहिती मिळवून सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. सारा माफ करा, मदत कामांवरची मजुरी वाढवा, लोक खरोखर किती मरताहेत ते पाहा. हे काम रानडे आणि काका या दोघांच्या नेतृत्वाखाली झाले. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक सुरू झाले, त्यातही अशा माहितीला मोठी जागा मिळाली.

अशा वर्षांत देशी मालाची दुकाने तग धरणे अवघडच होते. एक तर गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नव्हता. दुसरे, समोर विलायती माल आणखी स्वस्त होत होता. आणि तिसरी गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. व्रत म्हणून घेतलेली खरेदी थोडे दिवस चालते, नंतर माणूस पुन्हा भाव आणि दर्जा पाहू लागतो. रानडे यांना हे लवकर दिसले होते. नुसत्या देशप्रेमावर उद्योग उभे राहत नाहीत, त्यांना भांडवल, तंत्र आणि सरकारचा आधार लागतो, असे त्यांचे मत होते. १८९० मध्ये पुण्यात त्यांनी औद्योगिक परिषद भरवली ती याच विचारातून. काकांचा मार्ग वेगळा होता. सरकार आधार देईल याची वाट न पाहता आज, या पेठेत, या फळीवर काय ठेवता येईल ते पाहायचे. दोघांची मैत्री आणि एकत्र काम मात्र शेवटपर्यंत राहिले.

शेवटचे वर्ष आणि फडके खटला

रानड्यांची व्याख्याने ऐकणारा तो कारकून, वासुदेव बळवंत फडके, दुष्काळ पाहून पेटला आणि रामोशी साथीदारांना घेऊन त्याने १८७९ मध्ये सशस्त्र बंड केले. जुलैमध्ये पकडला गेला. पुण्यात खटला उभा राहिला. राजद्रोहाच्या आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. पुण्यातल्या पुढाऱ्यांवर सरकारची आधीच नजर होती. बंडाच्या मागे पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मणांचा हात आहे, असा सरकारी वर्तुळात संशय होता. रानड्यांची बदलीही याच वातावरणात झाली.

अशा वेळी फडक्यांच्या बचावासाठी काका उभे राहिले. त्यांनी स्वतः बंडाचा मार्ग कधी घेतला नव्हता. त्यांचे सगळे आयुष्य अर्ज, सभा, लवाद आणि दुकाने यांत गेले होते. पण आरोपीला वकील मिळाला पाहिजे, हे त्यांच्या लेखी पक्के होते. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवण्यात आले आणि तिथेच १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

काकांना हा निकाल लागल्यावर वर्षही मिळाले नाही. २५ जुलै १८८० रोजी त्यांचे निधन झाले. वय ५२. कापडासह बहुतेक सगळ्या वस्तूंवरचा आयात कर दोन वर्षांनी, १८८२ मध्ये काढून टाकण्यात आला.

पुढे काय झाले?

काकांच्या मागे त्यांची दुकाने वाढवणारा तसा माणूस उरला नाही. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची मोठी लाट आली. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत विलायती कपड्यांची होळी झाली. तेव्हा देशी माल मिळायचा कुठे, हा काकांचा जुना प्रश्न जसाच्या तसा पुन्हा समोर आला. मुंबईत १९०६ च्या सुमारास स्वदेशी मालाचे सहकारी स्टोअर निघाले, टिळक त्यात लक्ष घालत होते. तळेगावला लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, पैसा फंडातून काचेचा कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. भांडवल लोकांचे आणि माल देशी, ही मांडणी पुणेकरांना नवीन नव्हती.

१९०५ च्या ज्या ७ ऑगस्टला कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये स्वदेशीचा ठराव झाला, तो दिवस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. पुण्यातल्या खादीच्या व्रताला तोपर्यंत ३३ वर्षे झाली होती.